पुढे केलेला हात

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवून द्यायला मी लिहीत नाही. ज्याला पटणार नाही त्याने पावसाळ्यात आमच्या कुवारबावच्या घरी यावं, आणि तिन्हीसांजेला फाटकाजवळ एकट्याने उभं राहून दाखवावं.

घडलं ते माझ्या काकांच्या बाबतीत. महेंद्र तांबे. सतरा वर्षं महार रेजिमेंटमध्ये काढली, हवालदार म्हणून सुटले आणि गावी येऊन रेल्वेत गस्तवाले झाले. आमच्याकडच्या पावसात डोंगर कधी रुळावर येऊन बसेल याचा नेम नाही. म्हणून पावसाळाभर गस्तवाले रुळाच्या कडेने चालत असतात.

काकांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. आमचं बौद्धांचं घर. लिंबू-मिरची नाही, अंगारा नाही. कुणी देवचाराची गोष्ट काढली की काका हसून म्हणायचे, "बॉर्डरवर मेलेली माणसं खांद्यावरून आणलीत मी. एकही उठून बोलला नाही."

हे ते आता म्हणत नाहीत.

काकांची हद्द निवसर स्टेशनच्या अलीकडे संपायची. तिथून पुढे धोंडू गोताडची. मध्ये एक खांब होता आणि खांबापलीकडे लांबलचक कटिंग, दोन्ही बाजूंना तांबडा डोंगर उभा कापलेला. दोघांनी खांबाशी भेटायचं, आपापला पितळी बिल्ला एकमेकांना द्यायचा आणि मागे फिरायचं. बिल्ले बदलले म्हणजे दोन्ही हद्दी ठीक.

समोरचा आला नाही, तर मात्र फिरायचं नाही. त्याच्या हद्दीत शिरायचं आणि तो सापडेपर्यंत चालायचं.

हा नियम काकांना फार प्यारा. माणूस मागे सोडायचा नाही, हे ते फौजेतच शिकले होते, आणि त्यांनी कधी सोडलाही नव्हता. घरात त्यांना कशाचा गर्व असेल तर एवढ्याचाच.

धोंडू त्यांना मुद्दाम 'सुभेदार' म्हणायचा. काकांनी त्याला फौजेची एक सवय लावली होती. धुक्यात समोरचा कोण ते दिसत नाही, म्हणून आधी हातोड्याने रुळावर दोन टोले द्यायचे. समोरून दोन टोले आले की ओळख पटली. मग भेट, मग बिल्ले, आणि मग धोंडूचा हात पुढे. तंबाखूसाठी. स्वतःची पुडी त्याने जन्मात कधी घेतली नसेल. चिकटपणाची हद्द होती, पण काकांचा त्याच्यावर जीव होता.

ती गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

पाऊस सकाळपासून हटला नव्हता. धुकं इतकं, की काकांना स्वतःचे बूट नीट दिसेनात. वॉकीटॉकी नुसती खरखरत होती.

तिन्हीसांजेला खांबाशी आल्यावर काकांनी हातोडा मारला.

ठण... ठण...

उत्तर आलं नाही.

त्यांनी पुन्हा मारला. मग वाकून रुळाला कान लावला.

आणि खूप लांबून... खूप खालून आल्यासारखे...

ठण... ठण...

काकांना हायसं वाटलं. ते उठून उभे राहिले.

धोंडू समोरच उभा होता.

आत्ता तर आवाज लांबून आला होता. आणि खडीवर पावलं वाजली नव्हती. एवढ्या खडीतून मांजरसुद्धा मुकाट चालू शकत नाही.

"बत्ती कुठाय रे तुझी?" काकांनी विचारलं.

रेनकोटची टोपी पार हनुवटीपर्यंत ओढलेली. त्याने बिल्ला पुढे केला. हात कोपरापर्यंत तांबड्या मातीने भरलेला.

काकांना वाटलं, घसरून पडला असेल. त्यांनी बिल्ला घेतला आणि आपला त्याच्या तळव्यावर ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

धोंडूने मूठ मिटली. बिल्ला रेनकोटात ठेवला.

आणि पुन्हा हात पुढे केला...

रोजच्यासारखाच. काकांनी रोजच्यासारखंच समजून घेतलं. फक्त त्या आठवड्यात करुणाकाकूने त्यांना शपथ घालून तंबाखू सोडायला लावली होती. खिसा रिकामा होता.

"आज नाय रे," काका म्हणाले. "उद्या देतो."

हात खाली गेला नाही.

धो धो पाऊस त्या हातावर पडत होता... आणि माती धुतली जात नव्हती.

हे काकांनी पाहिलं. पण बिल्ला बदलला होता. नियमाप्रमाणे ते वळले आणि चालू लागले. थोडं पुढे जाऊन त्यांनी मागे पाहिलं. धुक्यात आणखी काही दिसत नव्हतं. फक्त तो हात, तसाच.

चौकीवर पोहोचेपर्यंत पलीकडून फोन आला होता. धोंडू परतला नव्हता. काकांनी ठामपणे सांगितलं, आत्ताच भेटलाय, बिल्ला माझ्याकडे आहे, येतच असेल. हवालदाराचा शब्द. सगळे निर्धास्त झाले आणि वाट बघत बसले.

शेवटी माणसं निघाली तेव्हा कटिंगच्या मध्यावर दरड दिसली. रूळ मोकळा होता. माती कडेच्या गटारावर बसली होती, आणि धोंडू त्या मातीखाली. काका खोऱ्याने उपसायला लागले, मग खोरं टाकून नुसत्या हातांनी.

एक हात तेवढा रुळाच्या बाजूला बाहेर राहिला होता. त्यात हातोडा.

दुसरा हात छातीखाली, रेनकोटात सापडला. मूठ घट्ट मिटलेली. डॉक्टरांनी ती उघडली तेव्हा आत काकांचा बिल्ला होता.

रेल्वेच्या साहेबांच्या दृष्टीने सगळं सरळ होतं. बिल्ले बदलले, धोंडू परत फिरला, वाटेत दरड आली. संपलं.

पण वरच्या वाडीतली कमलाबाई वेगळंच सांगत होती. म्हातारी आहे, काळवेळ विसरत असेल, म्हणून साहेबांनी तिचं मनावर घेतलं नाही. काकांनी ऐकून घेतलं.

"दरड उजेडातच आली," ती म्हणाली. "मी गुरा आणित व्हती. मंग खालना लोखांड वाजत व्हता. दोन टोले... दोन टोले... लय वेळ. काळोख पडल्यावर थांबला."

काका खांबाशी पोहोचले, त्याच्या कितीतरी आधी धोंडू गाडला गेला होता. आणि जिवंत होता. टोले देत होता. कुणी भेटलंच नसतं तर काका नियमाप्रमाणे पुढे गेले असते आणि वेळेत त्याच्यापर्यंत पोहोचलेही असते.

मग खांबाशी आलं ते कोण? धोंडू हाक मारायला आला होता, की दुसरंच काही काकांना माघारी धाडायला आलं होतं?

धोंडूची बायको मथुरा तेराव्यानंतर आमच्याकडे आली होती. तिने एवढंच विचारलं.

"तुमी भेटलाव ना त्यांना? काय बोल्ले वो?"

"सब ठीक, म्हणाला," काका म्हणाले. मग उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

काकांनी नोकरी सोडली. त्या पावसाळ्यापासून आमच्या लोखंडी फाटकावर तिन्हीसांजेला टोले पडतात.

ठण... ठण...

बाहेर कुणी नसतं. शेजारचे रावजी म्हणाले, कोंबडं द्या, शांत होईल. काकांनी नकार दिला. आमच्यात ते चालत नाही. शिवाय ते म्हणाले, "त्याला कोंबडं नकोय."

एकदा त्यांनी फाटकावर तंबाखूची पुडी ठेवली होती. ती सकाळी तशीच सापडली.

गेल्या वर्षी मी तिथेच होते. टोले पडले. काका शांतपणे उठले, फाटकापाशी गेले आणि गजांतून हात बाहेर काढला. पावसात. कुणाला तरी द्यावा तसा.

आणि त्यांचा हात ताठ झाला...

पाय चिखलात पुढे सरकायला लागले. मी धावत जाऊन त्यांना मागून मिठी मारली.

"सोड गो, तेजल," काका म्हणाले. "येतोय तो वर."

मी सोडलं नाही. मला जे ओझं जाणवलं ते एकट्या काकांचं नव्हतं. आम्ही दोघं मागे पडलो. काकांच्या मनगटाभोवती तांबडी माती होती, बोटांच्या पट्ट्यांसारखी. मी नळाखाली त्यांचा हात धरला. पाणी वाहत होतं, माती निघत नव्हती.

यंदा काकूने लोखंडी फाटक काढून लाकडी बसवलं. लाकडावर टोला वाजत नाही. पावसाळा लागल्यापासून घर शांत होतं.

काल संध्याकाळी आवाज आला. खिडकीच्या गजावर.

काकांचा पलंग त्या खिडकीला लागून आहे. मी तो ओढून आतल्या खोलीत न्यायला लागले, तर काकांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्या देतो म्हणालो होतो त्याला."

पलंग अजून तिथेच आहे. आज पुन्हा धुकं उतरलंय, आणि काकांनी खिडकी उघडून ठेवलीय.