दादाच्या भुवया

बोर्ली पंचतनच्या बाजारात, एसटी स्टँडकडून आलात की डाव्या हाताला माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक आरसा, एक पंखा. दोन वर्षांपूर्वी दिवाळी संपल्यावर एका सकाळी एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडे पुरुष येत नाहीत, म्हणून मी विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

"केस पाहिजेत," ते म्हणाले. "कापलेले. तुम्ही फेकूनच देता ना?"

मला हसू आलं. माणूस मात्र गंभीर होता. नाव निकेत, मुंबईचे शिल्पकार. श्रीवर्धनच्या बाजूला, सुपारीच्या वाड्या संपतात तिथे खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी बंगला घेतला होता. मी चार दिवसांचे केस एका पिशवीत भरले आणि दुपारी स्कूटीवरून पोचवायला गेले.

पडवीत एक वॉचमन खुर्चीत पेंगत होता. "काका, सर आहेत का?" मी दोनदा विचारलं. काका उठेनात. म्हणून खांद्याला हात लावला, तर बोटं थंड, मऊ रबरात रुतली. मी किंचाळले. तेव्हा दारामागून सर बाहेर आले. ते मघापासून तिथेच उभे होते.

"मला तुमचा चेहरा बघायचा होता," ते म्हणाले.

आत तसलीच माणसं होती. इस्त्रीवाला, मासे निवडणारी बाई, शाळेच्या पायरीवर टेकलेली शिपाईण. सगळी सिलिकॉनची. पण हातावरच्या शिरा, नखांतला मळ, टाचांच्या भेगा, सगळं जिथल्या तिथे. आत आल्यावर मी नकळत पदर सारखा केला.

"असल्या लोकांकडे कोण बघतं?" सर म्हणाले. "दिल्लीत प्रदर्शनात लोक यांच्यासमोर पाच पाच मिनिटं उभे राहतात. जिवंतपणी कोण उभं राहिलं असतं?"

मग त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. पुतळ्यांना केस लावायला त्यांना स्थिर हाताचं माणूस हवं होतं. बारीक सुईने एकेक केस कातडीत टोचायचा, कल बघून, लांबी बघून. दुपारी पार्लर रिकामंच असतं. मी हो म्हटलं.

मला दिलेला पुतळा बाकावर बसलेला होता. हाफ पँट, बनियन, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोकं गुळगुळीत, भुवया नाहीत, पापण्या नाहीत. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. भुवया काढल्या ना, की चेहरा कुणाचाच राहत नाही. सख्ख्या बहिणीलाही ओळखू येत नाही.

आधी डोकं केलं. त्याला आठवडा गेला. मग डावी भुवई घेतली. खोलीत समुद्राचा आवाज यायचा आणि सुईचा बारीकसा टक्... टक्... तिसऱ्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले.

"इथे जागा का सोडलीत?"

मी बघितलं. भुवईच्या मधोमध एक तिरपी खाच राहिली होती. मी ठरवून सोडली नव्हती. माझ्या हातानेच सोडली होती. त्या खाचेखाली कातडीवर पुसटसा वण होता.

तो वण मला पाठ होता. मी सात वर्षांची असताना धक्क्यावर खेळताना गळाचा काटा माझ्या भावाच्या भुवईत घुसला होता. काटा निघाल्यावर मीच हळद दाबून धरली होती. तिथे पुन्हा कधी केस आले नाहीत.

मी दोन पावलं मागे झाले आणि मग सगळा चेहरा जागेवर आला. बाकावर माझा विनेशदादा बसला होता.

त्याच्या आदल्या वर्षी नारळी पुनवेनंतर दादा खलाशी म्हणून बोटीवर गेला आणि वाऱ्यात पाण्यात पडला. आठ दिवस शोधाशोध झाली. सापडला नाही. मढं नाही, तर मृत्यूचा दाखला नाही. सात वर्षं थांबा, म्हणाले. दिपाली वहिनी तेव्हा चोवीस वर्षांची, मूलबाळ नाही. माझी आई, जनी, रोज दादाचं ताट वाढायची आणि वहिनीच्या हातातली हिरवी काकणं मोजायची. एक जरी कमी दिसलं तर तिला उपाशी ठेवायची. वहिनीचा भाऊ रितेश दोनदा न्यायला आला. आईने त्याला दारातूनच परत पाठवला.

"सर," मी विचारलं, "हा... कोण?"

"खडकात होता," ते कामाचे ब्रश पुसत म्हणाले. "सकाळी फिरायला गेलो होतो. वाटलं, कुणी झोपलंय. पाण्याने अजून काही बिघडवलं नव्हतं. भरतीला तासभर होता. चेहरा, हात, पावलं, एवढ्यांचा साचा तेवढ्यात होतो."

"आणि मग?"

"मग भरती आली."

"तुम्ही पोलिसांना..."

"त्यांनी चिरफाड केली असती. मी त्याला वाचवलं, प्राची. डोळे मिटलेले होते, तेवढे मी उघडे केले."

मी म्हटलं, हे लिहून द्या. नुसतं एवढंच, की तुम्ही मढं बघितलंत. माझी वहिनी सुटेल. ते शांतपणे म्हणाले, "मी नाही म्हणेन. हरवल्याचे फोटो प्रत्येक जेट्टीवर लागले होते. त्यावरून केला, म्हणेन." मग पुतळ्याकडे मान करून म्हणाले, "उजवी राहिलीय."

आणि मी बसले. आजही मला याची लाज वाटते. उजवी भुवई पुरी केली, पापण्याही लावल्या. दादाला तसा अर्धवट ठेवून मला घरी जाववेना. शेवटची पापणी टोचली तेव्हा बोटांना बारीक गार वारा लागला, नाकातून सुटतो तसा. खिडकी उघडी असेल म्हणून वळून बघितलं. खिडकी बंद होती.

घरी जाऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, ती रडेल, विधी होतील, वहिनी मोकळी होईल. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचा हात हळूच गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. सव्वा वर्ष कोंडलेला श्वास सुटावा तसा तिने श्वास सोडला. तो मी ऐकला, आणि आईनेही ऐकला.

आईने एकच विचारलं. "डोळं उघडं हायत?"

"आई, ते काचेचे..."

"उघडं हायत का न्हाय?"

"हायत."

"मंग त्यो मेला कसा?"

दुसऱ्या दिवशी आई कोळीवाड्यातल्या दादूमामाचा टेम्पो घेऊन बंगल्यावर गेली. म्हणाली, पोरगा दे न्हायतर पोलीस आणते. मला वाटलं, सर भांडतील. पण ते आईकडे बघत राहिले, मला वॉचमनपाशी बघितलं होतं तसे. मग हसले. "घेऊन जा," म्हणाले. "हे प्रदर्शनापेक्षा चांगलं आहे. वर्षाने फोटो काढायला येईन."

दादाला बाकासकट ओटीवर बसवलं. आईने वहिनीला हाक मारली. "नवरा आलाय तुजा. पायावर पाणी घाल."

वहिनी हलली नाही. आईने तिची मान धरून खाली वाकवली. तांब्या हातात कोंबला. वहिनीने पाणी घातलं. शेजारच्या नीराबाई बघत होत्या, दादूमामा बघत होता, मी बघत होते.

मग ते रोजचंच झालं. सकाळी वहिनीने त्याचं अंग पुसायचं, दुपारी ताट ठेवून समोर बसायचं, तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. तो किती वेळात जेवला हे आई ठरवायची. कधी चार वाजायचे, कधी पाच. रितेश पुन्हा आला तेव्हा आईने ओटीकडे बोट दाखवलं. "नवरा घरात असताना बायकू म्हायेरी कशाला?" रितेश दादाकडे बघून इतका घाबरला की पाणीही न पिता निघून गेला.

कोळीवाड्यातली माणसं आधी हसायला यायची. मग हसणं थांबलं. ओटीवरून जाताना बायका आवाज खाली करू लागल्या. नीराबाई डोक्यावर पदर घेऊ लागल्या. दादूमामा तर एकदा त्याच्याशी डिझेलच्या भावाबद्दल बोलत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "काय करू, बघतोय माज्याकडं."

फेब्रुवारीत आईने मला सांगितलं, "कात्री घेऊन ये. विनेसचं केस वाढलं."

मी चिडले. ते केस मी लावले होते. कपाळावर दीड इंच, कानामागे पाऊण इंच, सगळं माझ्या हातचं. गेले, बघितलं. कानावर केस आले होते. मानेवर उतरले होते. आणि भुवईतल्या त्या खाचेत, जिथे मी काही लावलं नव्हतं, जिथे काटा घुसल्यापासून दादाला कधी केस आले नव्हते, तिथे काळी बारीक लव फुटली होती.

मी कापले. खाली पेपर अंथरला होता. केस पडताना त्यांना ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता. वहिनी भिंतीला टेकून बघत होती. आई आत गेल्यावर ती कुजबुजली, "प्राची... मला हितनं काढ. मी मेले तरी ही मला त्याच्या शेजारी बसवंल."

मी त्याच दिवशी तिला काढायला हवं होतं. आईची भीती, वाड्याची भीती. मी मार्च काढला, एप्रिल काढला. वहिनीचे गाल बसले. ती बोलेनाशी झाली. आईने ताट उचल म्हटलं की उचलायची, बस म्हटलं की बसायची.

मे महिन्यात एके दिवशी आई सुकट वाळवायला किनाऱ्यावर गेली. भर दुपारी बारा वाजता मी वहिनीला स्कूटीवर बसवलं. तिने बरोबर काही घेतलं नाही, अंगावरचं लुगडंसुद्धा माझ्या आईचं होतं. ओटीवरून उतरताना तिने मान वर केली नाही. बोर्लीच्या स्टँडवर अलिबागची गाडी लागली होती. पुढे रेवसला तिचं माहेर. मी तिच्या मुठीत थोडे पैसे दिले, खिडकीपाशी बसवलं.

"पोचल्यावर फोन कर."

तिने खिडकीतून माझा हात धरला. किती महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं. गाडीत गर्दी नव्हती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभी होते.

संध्याकाळी आईने घर डोक्यावर घेतलं. मला दोन थोबाडीत मारल्या, शिव्या दिल्या. मी सगळं ऐकून घेतलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग ती अचानक शांत झाली. ताट वाढलं आणि दादापुढे जाऊन बसली. "जेव," म्हणाली. "ती काय लांब जातेय."

तेवढ्यात फोन वाजला. रितेश होता. मी ओटीच्या कोपऱ्यात जाऊन उचलला.

"पोचली का रे वहिनी?"

"व्हय ताय." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "पोचली दोघंबी."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "दोघं कोण?"

"भावजी पण आलेत ना संगती. भाहेर बसलेत. काय बोलत न्हाईत... आये इचारते, त्यांना च्या देऊ का?"

मी वळून बघितलं. दादा माझ्यासमोर बाकावर बसला होता. हात गुडघ्यांवर. आई त्याच्यापुढे ताट घेऊन बसली होती. डोळे मिटून, मान डोलवत.

"रितेश," मी म्हटलं, "वहिनीला फोन दे."

फोन हातोहात गेल्याची खरखर ऐकू आली.

"वहिनी? वहिनी, दादा इथंच आहे. माझ्या समोर आहे. तू घाबरू नको, तिथं कुणी..."

"प्राची," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, काहीच नव्हतं. "मी अर्धं तिकीट मागितलं. बायकांचं अर्धं असतंय ना, तसं. कंडक्टरनं माज्याकडं बघितलं, माज्या शेजारी बघितलं... न एक अर्धं, एक फुल दिलं."

मग ती म्हणाली,

"मी गप दोन्ही घेतली."