मिस कॉल येईपर्यंत

"परवेझ त्या रात्री एका मोटरच्या स्टार्टरचं सिम बदलायला निघाला होता. एवढंच काम होतं," आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

लाईट गेली होती, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचं वायफायही गेलं होतं. एरवी मोबाईलमध्ये मान घालून बसणारे आम्ही चारपाच जण आता आप्पांकडं बघत होतो. त्याच दुपारी मी या ओट्यावर उभं राहून गावाला सांगितलं होतं की फायबर येतंय, आता कुणी कुणापासून लांब राहणार नाही. शिकायला मी बरीच वर्षं गावापासून फार लांब होतो, म्हणून ते वाक्य मनापासून आलं होतं. आप्पांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून गेलेली. त्यांनी तेव्हा नुसती मान हलवली होती.

"परवेझ म्हणजे नेवाशात मोबाईल स्टार्टर दुरुस्त करतो तो. माझ्याच हाताखाली शिकलाय. पोरगं खोटं बोलत नाही. आणि स्टार्टर तर तुम्हाला माहीतच आहे. पेटीत सिम असतं. घरी खाटेवर बसून पेटीला फोन लावायचा, की शेतातली मोटर चालू. आतली बाई सांगते, मोटर चालू झाली आहे. टॉवर आला आणि विहिरीविहिरीवर ही पेटी आली.

पौषातली अमावस्या होती, रविवार. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. राधाकृष्ण म्हणून एक जण केडगावला राहतो, शेत इकडं. त्यानं परवेझला गाडीवर घेतलं. म्हणाला, कांदा वाळाय लागलाय आन् पेटी मोटर सुरूच करीना. सिम बदलून दे."

"कुठली विहीर, आप्पा?" करणनं विचारलं.

"बजरंग ज्या विहिरीत गेला, ती."

करणला कळलं. मला बजरंग माहीत नव्हता. आप्पांनी माझ्याकडं बघून सांगितलं.

"बजरंग राधाकृष्णाचा चुलतभाऊ. विहीर दोघांत. पूर्वी विहिरीत उतरायचं तर माणूस आधी फ्यूज काढून खिशात घालायचा. ही पेटी आली आणि माणसं शब्दावर उतरायला लागली. दिवाळीच्या आधी बजरंगानं केडगावला फोन केला. 'दादा, मोटरच्या जाळीतलं शेवाळ काढाय उतरतोय. वर आलो की मिस कॉल देतो. तवर लावू नको.' दादा म्हणाला, 'बरं.' कॉल फुकट झाले तरी आपली मिस कॉलची सवय सुटली नाही. ओल्या हातानं बोलत कोण बसतंय?

बजरंग खाली असतानाच मोटर चालू झाली. पाण्यात करंट उतरला.

राधाकृष्णानं भावकीसमोर शपथ घेतली. मिस कॉल आला होता, बजरंगानंच चुकून दिला. बजरंगाचा मोबाईल डोक्याच्या पंच्यात खोचलेला, तो पाण्यात गेला. विचारणार कुणाला? लोक म्हणाले, बजरंग मुळातच वेंधळा. त्याची बायको चांगुणा एकटी म्हणत राहिली, 'माझा मानूस शब्दाला चुकायचा न्हाई.' तिचं कुणी ऐकलं नाही. पेटीत नंबर एकट्या राधाकृष्णाचा, मोटर त्याच्याच फोनवर चालणार. तिची पाण्याची पाळीसुद्धा बुडाली."

"म्हंजे मेला त्यो, आन् चूकबी त्याचीच," रुपाली म्हणाली.

"व्हय, बाय."

ओट्याखाली कुत्रं कूस बदलून झोपलं. आप्पांनी आवाज खाली आणला.

"विहिरीवर गेल्या गेल्या परवेझनं फ्यूज काढला, खिशात घातला. ती सवय मी लावलीय. मग पेटी उघडली. आतल्या बॅटरीवर सिम चालू. वायरी ठीक. म्हणाला, 'काका, पेटीत काय बिघाड न्हाई. तुमी फोन लावा बरं.'

राधाकृष्णानं लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग गेली. फोन उचलला गेला.

बाई बोलली नाही.

पाणी ठिबकत होतं. टप… टप… मग खोलातून, माणसाचा आवाज.

'दादा, मी अजून खालीच हाय.'

राधाकृष्णानं फोन कापला. म्हणाला, 'दुसऱ्याची लाईन शिरली असंल.' परवेझनं पेटीतलं सिम काढलं. मुठीत धरलं. म्हणाला, 'आता लावा.'

लावला.

रिंग गेली.

'दादा… अजून खालीच हाय. लावू नको…'

परवेझ सांगतो, आवाज फोनातून येत होता. आणि जरा मागून… विहिरीतूनही.

राधाकृष्ण खाली बसला. पुटपुटला, 'आला नव्हता.'

'काय?'

'मिस कॉल. आलाच नव्हता… लाईट जाईल म्हणून… माझे दोनच वाफे ऱ्हायले हुते…'

विहीर काही बोलली नाही. ठिबकणं थांबलं होतं.

मग राधाकृष्णाच्या हातातला फोन वाजला.

एकदाच. बंद झाला.

वर नाव होतं, बजरंग.

आणि मोटर चालू झाली.

फ्यूज परवेझच्या खिशात. सिम मुठीत. मोटर चालू."

आप्पा थांबले.

"मग?" करणनं हळूच विचारलं.

"मग काय, पळाले. उजाडता परवेझनं मला बोलावून नेलं. राधाकृष्ण आमच्या आधी तिथं, चार माणसं गोळा करून. बजरंगाची शपथ घेऊन सांगत होता, 'रात्री मी कायबी बोललो न्हाई. मिस कॉल आलाच हुता.' चांगुणा बांधावर उभी राहून ऐकत होती. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती तिच्या कांद्याकडं बघत होती. पाण्याच्या पाइपाचा व्हॉल्व्ह राधाकृष्णाच्या बाजूला फिरवलेला. तरी त्याचे वाफे कोरडे ठाक. हिचे काठोकाठ भिजलेले."

"आन् विहिरीत?" रुपालीनं विचारलं.

आप्पांनी पायात चपला सरकवल्या.

"विहिरीत काही नव्हतं. पायऱ्यांवर पावलं होती. अनवाणी, शेवाळानं हिरवी झालेली. सगळी वर येणारी."