कबरीचा आवाज

"एका फेरीत होणारं काम दोन फेऱ्यांवर न्यायचं नाही, अश्लेषा. आपली वाट बघणाऱ्या घरात काय चाललंय, ते आपल्याला माहीत नसतं."

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या कम्प्युटरच्या दुकानात श्रीधरकाकांनी तिला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अश्लेषानं मान डोलावली आणि मनात म्हणाली, काकांचा सूर तर असा, जणू मी सुईणच आहे! कम्प्युटर एक दिवस बंद राहिला म्हणून कुणाचं काय अडतं?

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. नव्या इमारतींच्या फलकांवर 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेलं आणि त्याच फलकाखाली टँकरसाठी रिकाम्या कळश्यांची रांग. एप्रिलमधल्या अशाच एका बुधवारी अश्लेषा वाळूजला गेली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप. चरफडत ती जिना उतरायला लागली. तेवढ्यात खालून दोन हातांत दोन कॅन घेऊन एक तरुण वर आला. जिना अरुंद होता... कॅन हिंदकळला आणि तिची चप्पल भिजली.

"अरे अरे, सॉरी!" तो थांबला. मग तिच्या पायांकडं बघत गंभीरपणे म्हणाला, "पण यंदाच्या वर्षी एवढा मान इथं कुणाच्या पायाला मिळाला नाय हां."

"मान नको, फडकं द्या," ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खोल जायचा. अश्लेषाला ते दिसलं आणि दिसलं म्हणून स्वतःचाच राग आला. त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या बॅगवर गेली. बॅगवर दुकानाचं नाव होतं.

"कम्प्युटरवाल्या का तुम्ही? मग दोन मिनिटं आमचा बघता? मुका आहे."

त्याचं नाव विश्वजीत. मूळचा सिल्लोडकडचा, इथं कारखान्यात पाळीनं काम करणारा. घरात तो आणि त्याची आई, वच्छलाबाई. गावाकडं उन्हात दोनदा चक्कर येऊन पडल्या, डॉक्टरांनी उन्हाळाभर सावलीत ठेवायला सांगितलं, म्हणून त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. इथं त्यांचा जीव रमावा म्हणून बदली होऊन गेलेल्या मित्राकडून टीव्हीला जोडायचा कम्प्युटर घेतला होता. सोबत पाच स्पीकर, त्यातला एक देवघराखाली. पण बहुतेक चित्रपट चालत नव्हते आणि कीर्तनांच्या फाइली उघडतच नव्हत्या.

"नाव काय तुजं, माय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"अश्लेषा."

"आसळका!" म्हातारीचे डोळे चमकले. "दोन वर्सं झाली, आसळकाचा पाऊस पडला नाय. बरं झालं, तू तरी आलीस."

अश्लेषानं डोंगल लावला, हवे ते भाग उतरवून घेतले. विश्वजीत शेजारी स्टूल ओढून बसला. कारखान्यात मशीनवर काम करणारा माणूस, प्रत्येक गोष्टीचं 'का' विचारायचा.

"फाइल तर आहे. मग चालत का नाय?"

"आतलं चित्र आणि आवाज कुणीतरी घट्ट बांधून ठेवलेले असतात. ते सोडायची रीत प्रत्येक फाइलची वेगळी. ती रीत म्हणजे कोडेक. तुमच्या कम्प्युटरला थोड्याच रीती येत होत्या."

"मग शिकवा की त्याला."

"शिकवतेय ना!"

"मला नाय का येणार?"

"तुम्हाला..." ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, "तुम्हाला आधी कॅन धरायला शिकावं लागेल."

आतून वच्छलाबाई खुदकन हसल्या.

चित्रपट लागले. कीर्तन तर असं घुमलं की समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. मग वच्छलाबाईंनी कमरेची चंची सोडली, त्यातून काड्यापेटी काढली आणि काड्यापेटीतून नखाएवढं मेमरी कार्ड.

"हे लाव बरं. सकाळच्या एसटीनं आलंय."

टीव्हीवर एक गाय आली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, गाभण. मागं चारा छावणीचे पत्रे. गायीनं मान वर केली, तोंड उघडलं... पण आवाज नाही.

"कबरी," विश्वजीत हळूच म्हणाला. "वासरू होती तेव्हापासून आईनं वाढवलीय. आता छावणीत चुलती, द्वारकाबाई, सांभाळते. तिच्या पोरानं, कडुबानं, फोनवर शूटिंग केलंय. कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाय, म्हणून माझ्याकडं हा बटणांचाच. त्यात कार्ड बसत नाय."

"तोंड हलतंय, पन आवाज नाय," वच्छलाबाई टीव्हीला हात लावून म्हणाल्या. "द्वारका म्हनती, बरी हाय. तिथं तीनशे जनावरं वरडत्यात, तिला एकट्या कबरीचं काय ऐकू येनार? मला ऐकू दे."

अश्लेषाला कारण लगेच कळलं. फोनमधल्या आवाजाची रीत निराळी, तेवढी एक घालायची राहिली होती. पाच मिनिटांचं काम. तेही नको, तिच्या पर्समधल्या फोनमध्ये ते कार्ड घातलं असतं तरी कबरी लगेच हंबरली असती.

तिनं विश्वजीतकडं पाहिलं. तो तिच्या बोटांकडं बघत होता... मग तिच्याकडं. गाल पुन्हा खोल गेला.

"हे... जरा अवघड आहे," अश्लेषा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "रविवारी येते."

"रविवारी माझी सुट्टी," तो पटकन म्हणाला.

"हो का?" जणू तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं केलेले गोल पाहिलेच नव्हते!

मधले तीन दिवस तिला हलके हलके वाटत होतं. गुरुवारी त्याचा फोन आला, माउसची वायर वाकडी झालीय, चालेल का? शुक्रवारी, कम्प्युटरवर रुमाल झाकला तर त्याला गरम होतं का? शनिवारी तिनंच विचारलं, "आज काही बिघडलं नाही वाटतं?"

"बिघडलंय," तो म्हणाला. "पण ते कम्प्युटरचं नाय."

मग त्यानंच घाईनं विषय बदलला. "आई मात्र रोज ते मुकं चित्र लावून बसते. जेवतानाही."

हे वाक्य तिला बोचलं. पण गोड गोष्टीत बोचलेलं लवकर विसरतं माणूस.

रविवारी ती आकाशी कुर्ता घालून गेली. चहा झाला, चिवडा झाला. मग तिनं एक ओळ टाइप केली, पट्टी डावीकडून उजवीकडं भरली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

पाचही स्पीकरांतून कबरी हंबरली.

अश्लेषाला ते साधं हंबरणं वाटलं. विश्वजीतही हसत आईकडं वळला. पण वच्छलाबाईंच्या हातातली बशी तिरकी झाली होती.

"पुन्यांदा लाव."

तिनं लावलं. हंबरण्याच्या शेवटी एक बारीक कण्हणं होतं, श्वास अडकल्यासारखं.

"ही हाक नाय," म्हातारी उठली. "ही कळ हाय. पोटात काय तरी गेलंय तिच्या. बापू, कवाचं हाय हे?"

"बुधवारी सकाळी आलं ना..." विश्वजीत म्हणाला.

"चार दिस!" त्यांनी खुंटीवरची पिशवी ओढली. द्वारकाबाईंना फोन लागेना, छावणीत रेंज नव्हती. विश्वजीत खालच्या जीपवाल्याला हाक मारून आला आणि दारातच थबकला. कम्प्युटरकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"पाच मिनिटांत झालं हे," तो सावकाश म्हणाला. "मग बुधवारी का नाय झालं?"

काहीही सांगता आलं असतं. डोंगल, नेट, वीज. 'का' विचारणाऱ्या त्या डोळ्यांपुढं तिला त्यातलं एकही कारण पुढं करवेना.

"झालं असतं," ती म्हणाली. "मी केलं नाही. मला... परत यायचं होतं."

वच्छलाबाईंनी ऐकलं. त्यानंही ऐकलं. दोघं जिना उतरले आणि त्या मुक्या घराला कुलूप घालून किल्ली शेजारी द्यायचं काम तिच्याकडं आलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. फोन नाही. तिनं श्रीधरकाकांना सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "मग इथं काय बसलीस?" एवढंच म्हणाले.

गुरुवारी तिनं हर्सूल नाक्यावर सिल्लोडची एसटी पकडली.

छावणीत धूळ, शेण आणि ऊन. कबरी खाली बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. चाऱ्यातून पोटात तार गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ती काढली, पण गाय अजून उभी राहत नव्हती. पोटातलं वासरू मात्र हलत होतं. तिच्या डोक्याशी वच्छलाबाई बसलेल्या, ओठ सुकलेले.

"मावशी, माझं चुकलं. चार दिवस आधी कळलं असतं तर..."

"तर लवकर उठली असती," म्हातारीनं सरळ सांगितलं. "माझ्या जिवाला चार दिस घोर लावलास तू." मग जरा सरकून जागा केली. "बस. ओढनीनं वारा घाल. हळू घाल, यंत्र नाय ते!"

दुपार कलेपर्यंत अश्लेषा वारा घालत बसली. विश्वजीत पाण्याची बादली घेऊन आला, तिला बघून थांबला. या वेळी थेंबही सांडला नाही.

"फोन का नाही केलात?" ती पुटपुटली.

"रेंज नाय. आणि... राग होता. लई होता." तो शेजारी उकिडवा बसला. "तीन दिवस विचार करतोय. त्या बुधवारी माझ्याही ओठांवर होतं, पुन्हा याल का म्हणून. मी बोललो असतो, तर तुम्हाला मुकं ठेवावं लागलं नसतं ते. तुमची चूक मोठी. पण थोडी माझीही हाय."

तिनं ओढणी दुसऱ्या हातात घेतली आणि वारा घालत राहिली.

"रविवारी याल?" त्यानं विचारलं.

"कुठे? काय काम आहे?"

"काम काहीच नाय."

"मग येते," ती म्हणाली, आणि मागून वच्छलाबाई म्हणाल्या, "गेलीस की त्याला जेवायला घाल गं, मी काय आता हिला सोडून शहरात येत नाय."

आणि त्या खरंच शहरात राहायला आल्या नाहीत. कबरी आठव्या दिवशी उभी राहिली, पावसाळ्याच्या तोंडी व्याली. दिवाळीनंतर अश्लेषा-विश्वजीतचं लग्न झालं. अक्षता टाकून वच्छलाबाई तिसऱ्या दिवशी गावी परतल्या. दोघं दर महिन्याला जातात, चला म्हणतात, पण वच्छलाबाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहतात. मधलं वर्ष बरं गेलं, या उन्हाळ्यात पुन्हा पाणी कमी आहे. अश्लेषाला आता सातवा महिना आहे, प्रवास बंद. सासूच्या काळजीनं रात्री तिला झोप लागत नाही.

तेव्हा तुम्ही सिल्लोडच्या रस्त्यानं जाणार असाल, तर जरा थांबा. फाट्यावर वच्छलाबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवेल. दुपारच्या उन्हात त्या गोठ्यात असतील, तर आत सावलीत बसवा. पाणी प्यायल्यात का, बघा. आणि त्या उठताना भिंतीचा आधार घेतात का, तेवढं नीट बघून अश्लेषाला कळवा.