टपालाच्या नावाआडचा माणूस

जनकोजीचं पत्र जूनमध्ये आलं होतं. वसंतरावांनी ते चार महिने उत्तराविना ठेवलं.

पत्र मराठीत होतं, पण अक्षरं तमिळ. तंजावरकडच्या घरांत असंच लिहितात. "वसंता, तो निरोप मजलाही आला. मी लिहिला नाही म्हणून सांगितलं तर राजसा ऐकेना. ते यंत्र तुझं. तू बघ, आणि मी नव्हतो एवढं तिला सांग. दोन ओळी लिही."

दोन ओळी झाल्या नाहीत. आधी वाटलं, नीट तपास करून लिहू. मग वाटलं, तपासात आपलीच चूक निघाली तर? मग जुलै संपला, आणि उशीर इतका झाला की उशिराबद्दल काय लिहावं ते सुचेना.

वसंतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी आयुष्यभर सूची केली. जनकोजी त्यांचा मावसभाऊ. घरातली अडतीस माणसं वेगवेगळ्या ॲपवर विखुरली, तेव्हा वसंतरावांनी पुस्तकं वाचून, चेन्नईत पेरांबूरच्या आपल्या घरी शब्दकोशांच्या शेजारी एक लहानसा डबा बसवला. कुटुंबाचा स्वतःचा चॅट सर्व्हर. त्याला व्हॉट्सॲपचा पूल जोडला. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं ते सर्व्हरच्या पानावर लिहीत. मग एका जादा सिमचा नंबर तो निरोप पलीकडे व्हॉट्सॲपवर पोचवी: आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग दोन टिंबं, मग मजकूर. त्या नंबराला त्यांनी 'टपाल' असं नाव दिलं होतं.

जूनच्या अकरा तारखेला, बुधवारी, संध्याकाळी सहा अठ्ठावीसला, जनकोजीच्या नावानं कुटुंबाच्या ग्रुपवर अडतीस जणांपुढे निरोप आला. राजसा दर गुरुवारी येते, घरच्यांना त्रास होतो, आता येणं थांबवावं.

राजसबाई जनकोजीची धाकटी बहीण. एन्नोरला एकटी राहणारी विधवा. अकरा वर्षं दर गुरुवारी ती डब्यात उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी घेऊन आवडी उपनगरात भावाकडे जाई. बारा जूनला ती गेली नाही. त्यानंतर कधीच गेली नाही. जनकोजीनं फोन बंद करून कपाटात टाकला.

मंगळवारी सकाळी राजसबाईंचा फोन आला. आवाजात काही नव्हतं, रागसुद्धा नाही. शनिवारी ती श्रीवत्साकडे, मुलाकडे, पुण्याला कायमची जात होती. घर सोडलं होतं. वसंतानं येऊन तिच्या फोनमधून घरचे ग्रुप काढून टाकावेत.

"दादाला कळवलंस?" वसंतरावांनी विचारलं.

"कशास?" ती म्हणाली. "त्यानंच सांगितलंय, येऊ नको."

फोन ठेवून वसंतराव सर्व्हरपुढे बसले. जूनपासून त्यांनी तो निरोप एकदाही उघडून पाहिला नव्हता. आज उघडायला गेले तर जूनमधलं काहीच नव्हतं. डब्यात जागा कमी, म्हणून नव्वद दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जावं, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. ते बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

मग त्यांनी पत्र काढून परत वाचलं, आणि दुसऱ्याच वाक्यावर थांबले.

तो निरोप मजलाही आला.

दुपारी ते आवडीला पोचले. दार जनकोजीच्या सुनेनं, हेमलतानं उघडलं. ती मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इथे आलेली, घरी शिकवण्या घेणारी. मामंजी वाचनालयात गेलेत, तीनला येतील, असं तिनं सांगितलं. वसंतरावांना सुटल्यासारखं झालं आणि त्याची लाजही वाटली.

"मला त्यांचा जुना फोन बघायचाय," ते म्हणाले.

"चार महिन्यांनी?" हेमलता म्हणाली. "काका, तुम्ही पुस्तकसुद्धा इतक्या उशिरा परत घेत नसाल."

तिनं फोन कपाटातून काढून चार्जिंगला लावला. तो सुरू होईपर्यंत वसंतरावांनी विचारायचं ते विचारलं.

"राजसबाईंच्या येण्याचा तुला त्रास होत होता?"

"होत होता. गुरुवारी चार बॅचेस असतात. त्या बाहेरच्या खोलीत बसायच्या, मुलं आत कोंबावी लागायची. मी हे बोललेही होते."

"कोणाला?"

"ह्यांना. आणि एकदा श्रीवत्सभावजींना, फोनवर. पण मी बोलते ते तोंडावर बोलते, काका. सासऱ्यांच्या नावानं लिहायची मला गरज नाही."

"अकरा जूनला साडेसहाच्या सुमारास कुठे होतीस?"

"इथेच. शिकवत. साक्षीदार म्हणून सातवीतली नऊ मुलं आहेत, बोलावू?"

"तू सर्व्हरवरून लिहितेस. व्हॉट्सॲप ठेवलं नाहीस."

"पालकांच्या ग्रुपना कंटाळून काढलं. तुमच्या पानावर महिन्यातून एकदा डोकावते. त्या दिवसाचं मला ह्यांच्याकडून कळलं."

फोन सुरू झाला. वसंतरावांनी ग्रुप उघडला आणि जूनपर्यंत मागे गेले. जनकोजीचे स्वतःचे निरोप उजवीकडे, हिरव्या चौकटीत होते: वाढदिवसाचे आशीर्वाद, एक औषधाचं नाव. सहा अठ्ठावीसचा निरोप डावीकडे होता. वर टपालाचा नंबर. खाली जनकोजी, दोन टिंबं, मजकूर.

हेमलता वाकून बघत होती. तिची थट्टा गेली.

"म्हणजे मामंजींनी नाही लिहिला," ती म्हणाली.

"नाही. तो व्हॉट्सॲपवर आहे. त्याला टपालाची गरजच नाही. आणि स्वतःचा निरोप स्वतःला येत नाही. हे त्यानं मला लिहिलं होतं."

"मग कोणी?"

"सर्व्हरच्या पानावरून लिहिणाऱ्या कोणीतरी. अशी माणसं तीनच आहेत. तू, श्रीवत्स आणि मी."

"आणि नाव?"

"तिथे आपलं नाव ज्यानं त्यानं लिहायचं असतं. हवं तेव्हा बदलता येतं. तशी मोकळीक मीच ठेवली. नाव बदललं की एक ओळ उमटायची, म्हातारी माणसं गोंधळायची, म्हणून ती ओळही मीच बंद केली."

हेमलतानं फोन परत चार्जिंगला लावला. मग म्हणाली, "तुमचा माझ्यावर संशय आहे, आणि तरी तुम्ही मला सगळं सांगताय. पोलिसात तुमचं कठीण झालं असतं."

तीन वाजायला आले होते. जनकोजीला तोंड द्यायचं धाडस वसंतरावांना झालं नाही. ते निघाले.

बेसिन ब्रिजला उतरून त्यांनी एन्नोरला जाणारी गुम्मिडिपूंडीची गाडी पकडली. तिघांपैकी एक, असं ते मनात घोळवत होते. आपण नाही, असंही त्यांनी स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. सर्व्हरवर पुरावा नव्हता. जनकोजीच्या फोनवर नाव होतं, पण माणूस नव्हता.

तोंडियारपेट स्टेशन मागे पडल्यावर त्यांना श्रीवत्सानं गेल्या वर्षी विचारलेली एक गोष्ट आठवली. आई सकाळ-संध्याकाळ दम्याचा पफ घ्यायला विसरते. सर्व्हरवरून रोज ठरल्या वेळी आपल्या नावानं तिला निरोप जाईल असं करता येईल का? वसंतरावांनी पुस्तकात बघून मार्ग सांगितला होता. सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा.

एन्नोरला खिडक्या लावलेल्या होत्या. तरी टेबलावर कोळशाची बारीक काळी धूळ होती. खोलीत सात खोकी दोरीनं बांधून ठेवलेली. श्रीवत्स आईच्या औषधांची पिशवी भरत होता. पंचेचाळीसचा, पुण्याच्या एका वाहन कंपनीत, आईला न्यायला आलेला.

राजसबाईंनी फोन पुढे केला. वसंतरावांनी कॉफी नको म्हटलं आणि मग घेतलीच. श्रीवत्सानं विचारलं, काढले का ग्रुप?

"काढतो. आधी एक बघू दे," ते म्हणाले. मग राजसबाईंना म्हणाले, "तुला रोज पफचा निरोप येतो ना? तो कोणाकडून येतो?"

"श्रीवत्साकडून."

"नाव वाचतेस?"

"नाव काय वाचायचं? टिंग वाजलं की घेते."

श्रीवत्स पिशवी भरता भरता थांबला. "काका, त्याचा इथे काय संबंध? तुमच्या सर्व्हरमध्ये काहीतरी गोंधळ झाला होता, हे मी तेव्हाच म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. मी चार महिने तेच खरं मानलं."

ते मागे जात राहिले. सप्टेंबर. ऑगस्ट. श्रीवत्स: आई, पफ घे. श्रीवत्स: आई, पफ घे. दिवसाला दोन, सगळे सारखे. जूनच्या अकराला सकाळचा निरोप तसाच होता. संध्याकाळच्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी फोन राजसबाईंच्या हातात दिला.

"हे वाच. नावासकट."

तिनं चष्मा लावला. "जनकोजी: आई, पफ घे."

तिनं ते परत एकदा वाचलं.

"दादा मजला आई कशाला म्हणेल?" ती सावकाश म्हणाली.

"नाही म्हणणार," वसंतराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता आणि नजर कॉफीच्या पेल्यावर. "तो निरोप यंत्रानं श्रीवत्साच्या खात्यातून पाठवला. यंत्र त्या क्षणी खात्याला जे नाव असेल ते लावतं. साडेसहाला श्रीवत्साच्या खात्याचं नाव जनकोजी होतं. त्याच्या दोन मिनिटं आधी जनकोजीच्या नावानं तो दुसरा निरोप गेला. राजसाचं येणं हेमलताला जड जातं, हे त्याला हेमलताकडूनच कळलं होतं. म्हणून शब्द खरे वाटले. लिहून झाल्यावर त्यानं सर्व्हरवरचा निरोप पुसला असणार. पण पुसलेलं पलीकडे जाऊन पुसलं जावं, ही सोय मी चालू केली नव्हती. व्हॉट्सॲपवर तो तसाच राहिला. मग त्यानं आपलं नाव परत लावलं. मध्ये आपणच लावलेली साडेसहाची आठवण आहे, हे तो विसरला."

श्रीवत्सानं नाकारलं नाही. तो खोक्यावर बसला.

"डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, हिला इथून हलवा," तो म्हणाला. "टेबलावर हात फिरवा, काका. हे रोज हिच्या छातीत जातं. मी किती वेळा विचारलं. एकच उत्तर. दादा आहे तोवर मी हलणार नाही."

"म्हणून दादाच काढून टाकलास," राजसबाई म्हणाली.

"तू श्वास घ्यावास म्हणून."

"मामाशी बोललास कधी? त्यानं सांगितलं असतं तर मी गेले असते."

श्रीवत्सानं मान हलवली. बोलला नव्हता. मामाला विचारावं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

"आणि लोकांपुढे," ती म्हणाली. "अडतीस जण. मी त्याला काय काय बोलले त्या रात्री. त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं, खोटं बोलतोय म्हणून."

ती रडली नाही. तिनं पिशवीतून पफ काढला, घेतला, आणि श्वास धरून बसली. डॉक्टरांनी सांगितलेलं दहा मोजून झाल्यावर तिनं तो टोपण लावून परत ठेवला.

श्रीवत्सानं विचारलं, "शनिवारचं तिकीट?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आधी आवडीला जाईन. गुरुवारी. मग तो काय म्हणतो ते बघू. तू बरोबर ये, आणि हेच त्याच्यासमोर बोल. माझ्याकडून नको."

मग तिनं वसंतरावांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता आपली पाळी. नव्वद दिवस, बंद केलेली ती ओळ, उघडून न पाहिलेला निरोप, सगळं त्यांनी तिला स्वतःहून सांगितलं. पत्राचंही सांगितलं. चार महिने ते खणात पडून होतं, हेही.

"तेव्हाच बघितलं असतंस तर?" तिनं विचारलं.

"तर बारा जूनलाच कळलं असतं. तुझ्या फोनवर ते तेव्हाही होतं."

तिनं कॉफीचा पेला उचलला. मग म्हणाली, "सांगायला मी जातेच आहे. पण त्यानं तुला लिहून विचारलं होतं. तू लिहूनच सांग."

एन्नोर स्टेशनच्या वाटेवर टपाल कार्यालय आहे. ते बंद व्हायला दहा मिनिटं होती. वसंतरावांनी एक अंतर्देशीय पत्र घेतलं आणि काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन उचललं. त्यांनी तमिळ अक्षरांत लिहिलं, जनकोजीला वाचायला सोपं जावं म्हणून.

"जनकोजी, तो निरोप तू लिहिला नव्हतास. राजसाला मी आज सांगितलं. तुझ्या पत्रात सगळं होतं. मी भीतीपोटी बघितलं नाही. वसंता."

आणखी काही लिहावं असं वाटलं. क्षमेचं वाक्य त्यांनी मनात तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. एकही पत्रात घालण्यासारखं वाटलं नाही. त्यांनी घड्या घातल्या, कडा चिकटवल्या, आवडीचा पत्ता लिहिला. बाहेर येऊन पत्र लाल पेटीत टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.