गालावरचा थेंब

सिल्वासातल्या आपल्या झेरॉक्स-डिझाइनच्या गाळ्यात सुकदेव भर दुपारी कॉम्प्युटरवर पाण्याचा थेंब करत बसला होता. खडोलीच्या सरबत कारखान्याचे मॅनेजर जयवंत सर सकाळीच बजावून गेले होते, "बाटलीच्या लेबलवरचा थेंब बघून गिऱ्हाईकानं बोट पुढं केलं पाहिजे. नाही जमलं तर सांग, वापीला दुसऱ्याकडून करून घेतो."

त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एक गोल, वर पांढरा ठिपका, खाली बारीक सावली. सरावाला त्याने बायकोचा, सुवर्णाचा, फोटो उघडला, रेशनकार्डासाठी कालच स्कॅन केलेला. सॉफ्टवेअर जुनं. चिकटवलेला थेंब फोटोचाच होऊन जायचा, आणि केलेलं पुसायला मागे एकच पायरी जाता यायचं.

पहिला थेंब गालावर बसला. एकदम खरा.

मागे झेरॉक्स मशीनजवळ सुवर्णाने गाल पुसला. "अहो, वरून गळतंय का काही?"

"मे महिन्यात? घाम असेल, राणीसाहेब."

"घाम एवढा गार असतो?"

दुसरा कपाळावर. तिने कपाळ पुसलं.

तिसरा हनुवटीवर ठेवून त्याने स्क्रीनच्या काचेत पाहिलं. तिचा पदर हनुवटीकडे गेला होता.

थेंब पुसायला त्याने घाईत बटण दाबलं. बोट चुकून चिकटवायच्या बटणावर पडलं आणि तसंच दाबून राहिलं. फोटोच्या मधोमध, ओठांवर, थेंबावर थेंब पडत गेले.

सुवर्णाला ठसका लागला.

त्याने एक पायरी मागे घेतली. एकच थेंब गेला. पुन्हा दाबलं, तोच परत आला.

"अहो... पाणी..." तिच्या तोंडातून पाणी येत होतं. काउंटरवरचे कागद भिजले.

जुन्या फोटोंवरचे डाग तो शेजारची कातडी उचलून, त्यावर फिरवून बुजवायचा. तेच सुचलं. ओठांजवळचा भाग मोठा केला. गालाची कातडी उचलली. घासत सुटला. थेंब बुजले.

ठसका मध्येच तुटला.

त्याने सुस्कारा सोडला.

"सुवर्णा? बरं वाटतंय?"

त्याने फोटो पुन्हा लहान केला. नाकाखाली हनुवटीपर्यंत नुसता गाल होता. गुळगुळीत.

मागे खुर्ची सरकली. त्याच्या खांद्यावर ओला हात आला आणि शर्ट ओढू लागला.

तिला काहीतरी सांगायचं होतं.