कोरडं घड्याळ

"घड्याळ चालू झालंय, मॅडम," दयाबाई म्हणाल्या. "त्येचंच भ्या वाटतंय."

शिरूर पोलीस ठाण्यात दुपारची सुस्ती होती. उपनिरीक्षक कृपा रणपिसेनं समोरचा डबा झाकून बाजूला सारला. म्हाताऱ्या बाईंनी रुमालाची गाठ सोडून एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ टेबलावर ठेवलं. ते टकटक करत होतं.

दयाबाई उजगरेंचं आयुष्य मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. जवळचा म्हणावा असा एक भाऊ, अब्राहाम. तो दौंडला रेल्वेत गार्ड होता आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिला होता. बायको वारल्यावर तोही एकटाच. रोज संध्याकाळी भीमेच्या घाटावर जाऊन बसायचा. गेल्या महिन्यात तिथूनच तो पाण्यात पडला आणि सकाळी मासेमारांनी त्याला बाहेर काढलं. डोक्याच्या मागं मार होता. घाटाचा दगड लागला असेल, असं सगळ्यांनीच धरलं. दौंडच्या ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली.

लोकांनी मात्र वेगळीच नोंद केली होती. मातीच्या वेळी चर्चबाहेर दोघीजणी कुजबुजल्या, एकटा माणूस, कंटाळला असेल. दयाबाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

घड्याळ त्याच दिवशी त्यांच्या हातात आलं होतं. अब्राहामच्या शेजारी ऑस्टिन पाटोळे नावाचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहत. त्यांनी ते आणून दिलं. नदीकाठी गर्दी होती, कुणी लांबवू नये म्हणून पोलीस यायच्या आधी मीच मनगटावरून काढून ठेवलं, असं ते म्हणाले. घड्याळ बंद होतं. रात्रभर पाण्यात राहिलेलं घड्याळ बंदच असणार, म्हणून दयाबाईंनी ते कपाटात ठेवलं. पण भाऊ रोज सकाळी त्याला चावी द्यायचा. ते मुकं पडलेलं त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी ते बाजारातल्या सतीश घड्याळजीकडं दुरुस्तीला टाकलं.

आज त्या ते आणायला गेल्या होत्या. सतीश म्हणाला, आजी, कडक जागेवर पडलं होतं, आतल्या बॅलन्स-चाकाची बारीक दांडी मोडली होती. ती बदलली. बाकी आत काही झालेलं नाही.

"मी म्हणलं, अरं, रातभर नदीत होतं ते," दयाबाई सांगू लागल्या. "त्यानं पुन्यांदा उघडून बघितलं. म्हणला, नदीतलं घड्याळ हे न्हाई, आजी. दुसरं असंल. पर ह्येच हाय. माझ्या भावाचं मी वळखीन ना."

कृपानं घड्याळ उचलून कानाला लावलं. पट्टा नवा होता.

"मावशी, जुना पट्टा कुठं आहे?"

दयाबाईंनी पिशवीतून तो काढला. कातडी पट्टा, गोल वळलेला. बक्कल अजून लावलेलंच होतं. घड्याळात अडकणारी एका बाजूची पिन वाकून गेली होती.

"तुमच्या हातात आलं तेव्हा असंच होतं?"

"असंच. बक्कल लावलेलं, आन् एका अंगानं घड्याळातून सुटलेला. मला वाटलं, जुना झाला असंल."

"त्या संध्याकाळी त्यांनी घड्याळ घरी ठेवलं असेल का?"

"आंघोळीपुरतं काढायचा. बाकी कवाच न्हाई."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

दयाबाईंनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी दुपारी. फोन केलता. रविवारी येतो म्हणला. कायमचा. ट्रंक भरून ठेवलीया म्हणला."

"हे दौंडात कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच न्हाई. अजून कुणाला बोललो न्हाई म्हणला, जीभ रेटत न्हाई म्हणला. आन् मागनं मीबी बोलले न्हाई. लोक म्हणले असते, बहिणीनं लई उशिरा बोलावलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, ट्रंक भरून ठेवलेला मानूस जीव दील का? आन् दिला असंल तर का? एवढंच मला कळू द्या."

कृपानं घड्याळ, पट्टा आणि सतीशनं कागदाच्या पुडीत दिलेला मोडका भाग ठेवून घेतला.

संध्याकाळी ती सतीशच्या दुकानात जाऊन आली. त्याचं म्हणणं तेच होतं. असल्या जुन्या घड्याळात पाणी शिरायला वेळ लागत नाही. एक रात्र नदीत काढली असती तर तबकडीला डाग पडले असते, आतलं पोलाद गंजलं असतं. इथं तेलसुद्धा जागच्या जागी होतं.

तिथून ती आपल्या भाड्याच्या खोलीवर गेली. बदलीला वर्ष होत आलं, तरी दारावर कुणाची थाप पडायची ती दूधवाल्याचीच. जेवताना तिनं मोबाईलवर बातम्या लावल्या, त्याही न ऐकताच संपल्या. घड्याळ खोटं बोलत नसेल, तर माणूस खोटं बोलला होता. पण कशासाठी? चोरी करायची तर ते परत कशाला द्यायचं?

दुसऱ्या दिवशी ती दौंडला निघाली. मांडवगण फराट्याच्या बाजूला ऊसतोड चालू होती, रस्ता ट्रॅक्टरांनी अडलेला. दौंडच्या ठाण्यात तिनं दोन गोष्टी विचारल्या. अब्राहामच्या घराला कुलूप होतं का? होतं, किल्ली प्रेताच्या खिशात सापडली. दार पोलिसांनी बहिणीसमोरच उघडलं, नंतर त्यांनीच पुन्हा कुलूप लावलं. आणि मनगटावर घड्याळ कुणी पाहिलं? पोलिसांनी नाही. ऑस्टिन पाटोळे त्यांच्या आधी काठावर पोचले होते. मासेमारांना मात्र काहीच आठवत नव्हतं.

ऑस्टिनचं घर रेल्वे लाइनीजवळच्या बैठ्या चाळीत होतं. शेजारच्या दाराला कुलूप. दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. एकीवर धूळ होती.

उंच, वाकलेला म्हातारा. त्यानं कृपाला आत बसवलं आणि न विचारता चहा टाकला. घरात कुणी आल्याला बरेच दिवस झाले असावेत, कारण तो सारखा बोलत होता. मुलगा परदेशात. बायको जाऊन खूप वर्षं झाली. अब्राहाम आणि तो एकाच मालगाडीवर असायचे.

"इंजिनात मी, शेवटच्या डब्यात तो. मध्ये अख्खी गाडी. मी शिट्टी द्यायची, त्यानं बत्ती दाखवायची. बोलायला मिळालं ते रिटायर झाल्यावरच."

"काका, त्या संध्याकाळी तुम्ही घाटावर होता का?"

"न्हाई. खोकला होता. घरीच पडून होतो."

"मग शेवटची भेट?"

"आदल्या दिवशी."

"घड्याळ तुम्हीच काढलंत ना?"

"मीच. मनगटावरनं."

"कसं काढलंत?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "कसं म्हंजी? बक्कल सोडलं आन् काढलं."

"त्यांनी स्वतःहून जीव दिला, असं लोक म्हणतात."

"लोकांना काय कळतंय?" ऑस्टिनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्याला तर बहिणीकडं शिरूरला जायची घाई झालती. कायमचं जायचं होतं त्याला."

कृपानं चहा संपवला. मग म्हणाली, "चला काका. जरा घाटापर्यंत जाऊन येऊ."

दुपारचं ऊन पाण्यावर पडलं होतं. घाटावर कुणी नव्हतं. वरच्या एका रुंद पायरीपाशी येऊन ऑस्टिन आपोआप थांबला. रोजची जागा असावी. दोघं तिथं बसले. कृपानं पिशवीतून घड्याळ काढलं. त्याची टकटक ऐकून म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"हे घड्याळ पाण्यात गेलंच नव्हतं," ती म्हणाली. "आत पाण्याचा थेंब नाही. ते दगडावर पडलं आणि बंद झालं. म्हणजे अब्राहाम उजगरे नदीत गेले तेव्हा ते त्यांच्या मनगटावर नव्हतं. तुम्ही ते प्रेतावरून काढलेलं नाही."

ऑस्टिननं घड्याळाकडं हात नेला आणि मागं घेतला.

"घरून आणलं म्हणावं, तर घराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. तुम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणून मनगटाची गोष्ट सांगावी लागली. पण मनगटावरून घड्याळ काढणारा आधी बक्कल सोडतो. इथं बक्कल लावलेलंच आहे, पिन वाकली आहे. कुणीतरी तो हात घट्ट धरला होता आणि हात ओढला गेला."

"जुना पट्टा होता..."

"आणि ते शिरूरला जाणार, हे दौंडात कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारपर्यंत त्यांना तुम्हाला सांगवलं नव्हतं. बहिणीनंही नंतर कुणाला सांगितलं नाही. आदल्या दिवशीच भेटलात, तर तुम्हाला हे कधी कळलं, काका?"

पलीकडच्या काठावर कुणीतरी जाळं झटकत होतं.

ऑस्टिननं तिकडं पाहत सगळं सांगितलं. अब्राहाम इथंच बसला होता. रविवारी जातो म्हणाला, आणि उठला. ऑस्टिननं त्याचा हात धरला. थांब म्हणाला, निदान नाताळापर्यंत थांब. अब्राहाम हसला आणि हात सोडवू लागला. ऑस्टिननं आणखी घट्ट धरलं. त्यानं हिसका दिला, आणि तोल गेला.

"घड्याळ माझ्या हातात आलं, मानूस गडगडत पाण्यात गेला," तो म्हणाला. "डोकं पायरीवर आपटलं त्याचं. मी वाकून बघाया गेलो. घड्याळ पडलं दगडावर."

"समोर मासेमारांची वस्ती आहे. हाक मारली असती तर ते आले असते."

"आले असते."

"मग?"

ऑस्टिननं मान खाली घातली. पुढचं तो इतक्या हळू बोलला की कृपाला वाकून ऐकावं लागलं.

"मारनार होतो हाक. तोंड उघडलंबी. तेवढ्यात मनात आलं, आता हा शिरूरला जायचा न्हाई. लई थोडा वेळ आलं ते, मॅडम. पर तेवढ्यात पानी शांत झालं."

घड्याळ परत का दिलं, हे तिनं विचारलं. ते घरात ठेवून बघितलं, तो म्हणाला. बंद होतं, तरी ऐकू येत होतं.

त्याला दौंडच्या ठाण्यात सोपवून कृपा परतली, ती थेट दयाबाईंकडं गेली. बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती. तिनं काही लपवलं नाही. हात धरल्याचं सांगितलं, हाक न मारल्याचंही सांगितलं. घड्याळ आता कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मिळणार नाही, हेही सांगितलं.

दयाबाईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला. म्हंजी त्याला यायचं होतं? कृपा हो म्हणाली. त्यांनी डोळे पुसले. ऑस्टिनला मात्र त्या एक वाईट शब्दही बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर कृपाला बरं वाटलं असतं.

ती निघायला उठली तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या घरात मागं दोन खोल्या हायत. दोन्ही मोकळ्या. त्या ऑस्टिनलाबी घिऊन ये म्हणले असते मी भावाला. दोन म्हातारे ऱ्हायले असते की हितं."

कृपा दारात थांबली.

"मला कुनी इचारलंच न्हाई," दयाबाई म्हणाल्या.