डाव्या बाजूचं वजन

हे वाचून कोणी मला वेड्यात काढलं तरी चालेल. विषय माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे, त्यात मी मीठमसाला घालणार नाही. घडलं तसंच लिहितोय.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिक, अंबड. शुक्रवार, दिवेलागणीची वेळ.

मी अमित. अंबडला माझं व्हील अलाइनमेंटचं गॅरेज आहे. धाकटी बहीण तृप्ती ऑटोक्रॉस खेळते. मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात, सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकतो. तिच्या गटात रेसचे खास टायर चालत नाहीत. रोजच्या रस्त्यावरचेच लावायचे. त्यामुळे सगळी मदार सेटिंगवर, म्हणजे कुठल्या चाकावर किती वजन येतं त्यावर.

आदल्या वर्षी एका डाव्या वळणावर तिची गाडी उलटली. खांद्यात अजून प्लेट आहे. आईने मला स्पष्ट सांगितलं होतं, "परत तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

म्हणून या वेळी गाडी मी स्वतः निवडली. नामपूरच्या महेश नावाच्या कांदा व्यापाऱ्याची, लाल रंगाची, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार.

मी मुळातच संशयी माणूस. गाडी घेताना एक गोष्ट मला खटकली होती. किल्ली देण्याआधी महेश डाव्या बाजूला गेला. दार उघडलं. धरून ठेवलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला… मग हळूच लावलं.

मला वाटलं, बिजागरी बघत असेल.

त्या शुक्रवारी गाडी हलकी करायला आम्ही डावी सीट काढली. बेल्ट तेवढा राहिला, कारण त्याचं बकल खाली पत्र्यालाच बसवलेलं होतं. मग चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले. सेटिंग करताना चालकाचं वजन गाडीत असावं लागतं, आणि तृप्ती काही तासन् तास बसून राहणार नाही. आमची पद्धत ठरलेली. तिच्या सीटवर कांद्याची गोणी.

"माझ्या जागी कांदे? निदान द्राक्षं तरी ठेव ना दादा!"

"कांदेच बरोबर आहेत. सगळ्यांना रडवतेस," रोहित म्हणाला. रोहित माझा शाळेपासूनचा मित्र, गॅरेजात माझ्या बरोबरीने काम करतो. म्हणजे करायचा.

काट्यांवर सगळं जुळलं. आम्ही हसतखेळत शटर ओढलं.

शनिवारी सकाळी शटर वर केलं आणि मी दारातच थांबलो.

गाडी डावीकडे कलली होती.

काटे बघितले. उजवीकडे काहीच बदल नव्हता. डावीकडे मात्र वजन वाढलेलं… एका माणसाइतकं.

सीट नाही. सामान नाही. गोणी आपल्या जागी, उजव्या सीटवर.

माझा पहिला संशय रोहितवर गेला. तो आधी दुसऱ्या एका टीमकडे होता, आणि ती टीम रविवारच्या स्पर्धेत तृप्तीच्याच गटात उतरणार होती. आदल्या दिवशी घरी जाताना मी प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. नट जरासा फिरला तरी रेघ तुटते.

मी खाली वाकून एकेक रेघ तपासली.

एकही तुटली नव्हती.

तरी मी रोहितला विचारलंच. "दुसरी किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "अम्या, तुला म्हणायचंय काय? तृप्तीच्या गाडीत मी गडबड करीन?"

मी पुन्हा त्या पिवळ्या रेघांकडे बघितलं. तो गॅरेजची किल्ली टेबलावर टाकून निघून गेला. त्याला थांबवावंसं वाटलं, पण संशय जात नव्हता.

मग मी डाव्या काचेतून आत पाहिलं…

बेल्ट लावलेला होता.

नुसता लावलेला नाही. सीट नसलेल्या जागी तो पुढे फुगून उभा होता. आत कोणी बसलं असावं तसा, पोटाएवढी जागा सोडून.

मी दार उघडलं. बेल्ट एकदम सैल पडला.

मी महेशला फोन लावला.

"भाऊ, गाडीत काही प्रॉब्लेम होता का? डावी सीट काढल्यापासून…"

"सीट काढली?" तो मध्येच म्हणाला.

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बसवून टाका परत. आत्ताच्या आत्ता."

"का पण?"

"बसवा म्हणतोय ना! लय विचारू नका."

फोन कट. नंतर लावला तर बंद.

मी सीट परत बसवली. वजन उतरलं नाही. तृप्तीला सगळं सांगितलं, हात जोडले, उद्या उतरू नकोस म्हणालो. ती हसली.

"काटे बिघडलेत तुझे. आणि तूही. मी वर्षभर थांबलेय रे दादा. मी उतरणार."

तिला अडवता येणार नव्हतं. मग माझ्या हातात एकच गोष्ट उरली. ते जे काही होतं, त्याच्या वजनासकट मी गाडी सेट केली. डाव्या टायरांत हवा वाढवली. डाव्या स्प्रिंगा वर उचलल्या.

रविवारी सकाळी आडगावच्या पुढे एका मैदानावर स्पर्धा होती. ऊन कोवळं, थंडी कडक. मी टायरांच्या कडेवर खडूच्या रेघा ओढल्या. वळणावर टायर किती दुमडतो ते त्यावरून कळतं.

झेंडा पडला. गाडी सुटली.

शेवटचं वळण डावीकडे होतं. ती फार वेगात आली. मला दिसलं… डावी दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. अगदी आदल्या वर्षीसारखी.

मी हातातला खडू टाकून पुढे धावलो.

आणि मग ती चाकं धाडकन खाली आली. कोणीतरी आतून सगळा भार त्या बाजूला टाकावा तशी.

तृप्ती दुसरी आली. हेल्मेट काढून ती माझ्याकडे बघत राहिली.

"दादा, त्या वळणावर 'ॲक्सिलरेटरवरून पाय उचल' कोण म्हणालं?"

"कोणीच नाही. आत कोण असणार?"

"अगदी कानाशी म्हणालं रे. डाव्या…"

ती वळून गाडीच्या डाव्या सीटकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काट्यांवर घेतली. डावी बाजू हलकी होती. आत कोणी नव्हतं. मला सुटल्यासारखं झालं, खरंच रडू आलं. आठवड्याच्या आत गाडी विकून टाकली. आईने देवापुढे साखर ठेवली. रोहित मात्र परत आला नाही, माझे फोनही उचलत नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

तृप्ती सातपूरला नोकरीला आहे, रोज आपल्या साध्या गाडीने जाते. संक्रांतीनंतर तिची गाडी सारखी टुंग टुंग वाजायला लागली. डाव्या सीटवरच्या माणसाने बेल्ट लावला नाही की वाजतो, तो आवाज.

सीटवर तिची पर्ससुद्धा नसते.

मी सेन्सर बदलला. आवाज थांबला नाही. मग एक दिवस आपोआप थांबला… मी आत डोकावलो, तर डावा बेल्ट लावलेला होता.

"आवाज नको म्हणून मीच लावते," तृप्ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्याने तिचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. पण वाचवलं होतं, तर मग निघून का नाही गेलं?

परवा संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. तृप्तीने खाली गाडी लावली, उतरली. घराकडे न वळता ती डाव्या बाजूला गेली. दार उघडलं. धरून ठेवलं. थोडा वेळ तशीच उभी राहिली…

मग हळूच लावलं.

वर आल्यावर मी विचारलं, "काय करत होतीस गं?"

"ते दार नीट लागत नाही रे."

सकाळी मी ते दार दहा वेळा उघडून, लावून बघितलं. ते अगदी व्यवस्थित लागतं.